गच्चीवरचा टॉवर, पाकिटातलं फरसाण आणि पुराव्याचं माप

जुलै २०२५ मध्ये काही दिवस वाहिन्यांवर एकच प्रश्न गाजत होता: समोसा, जिलबी, वडापाव यांच्यावर आता सिगारेटसारखा इशारा येणार का? मूळ पत्र एवढंच होतं की सरकारी कार्यालयांनी आपल्या आवारात पदार्थांतलं तेल-साखरेचं प्रमाण दाखवणारे फलक लावावेत. विक्रेत्यांवर कसलंही बंधन नाही, असा खुलासा केंद्राला करावा लागला. पण तोवर दोन तट पडले होते. एक तट म्हणत होता, ‘संशोधनाने सिद्ध झालंय, तेल-साखर म्हणजे विष.’ दुसरा म्हणत होता, ‘कालपर्यंत तूप वाईट होतं, आज चांगलं झालं, या संशोधकांचं काय खरं धरायचं?’ असेच दोन तट मुंबईतल्या सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभेत पडतात. तिथे विषय असतो गच्चीवरचा मोबाइल टॉवर. एक सभासद सांगतो, जागतिक आरोग्य संघटनेने याला कॅन्सरच्या यादीत टाकलंय. दुसरा म्हणतो, काही सिद्ध झालेलं नाही, भाडं येतंय ते येऊ द्या. चौघेही संशोधनाच्या नावाने बोलतात आणि ते संशोधन कसं झालं, काय मोजलं, किती चुकू शकतं, हे चौघांपैकी एकही सांगत नाही.

माझं म्हणणं असं आहे की पुरावा किती भक्कम हवा, हे प्रत्येक प्रश्नाला वेगवेगळं ठरतं, आणि ते दोन गोष्टींवरून ठरतं. एक, त्या प्रश्नामागची यंत्रणा, म्हणजे परिणाम नेमका कसा घडतो ते, आपल्याला आधीपासून किती पक्कं माहीत आहे. दोन, निर्णय चुकला तर त्याची किंमत कोण आणि किती मोजणार आहे. या दोन्ही कसोट्या लावल्या तर टॉवरमुळे कॅन्सर होतो या दाव्याकडून फार भक्कम पुरावा मागायला हवा, आणि मीठ-साखर-मेद जास्त असलेल्या पदार्थाच्या पाकिटावर ठळक इशारा छापायला मात्र अपुरा पुरावाही पुरेसा धरायला हवा. आपण नेमकं उलट करतो. उंदरांवरच्या एका प्रयोगाच्या बातमीवर टॉवर उतरवायला निघतो, आणि मीठ-साखरेच्या बाबतीत ‘संशोधन रोज बदलतं’ म्हणून हात झटकतो.

भक्कम पुरावा म्हणजे काय, हे भौतिकशास्त्राकडून शिकावं. तिथे नव्या कणाचा दावा करायचा तर ‘पाच सिग्मा’ लागतात. म्हणजे निव्वळ योगायोगाने असा आकडा यायची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक. ४ जुलै २०१२ ला हिग्ज कणाची घोषणा झाली ती या पट्टीवर. त्या प्रयोगात कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही होते. पण एवढी कडक पट्टीही पुरत नाही, हे त्याच्या आदल्याच वर्षी दिसलं होतं. सप्टेंबर २०११ मध्ये ‘ऑपेरा’ प्रयोगाच्या गटाने जाहीर केलं की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेपासून इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेपर्यंतचं ७३० किलोमीटरचं अंतर न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांनी प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी कापलं. हजारो नोंदी होत्या आणि सांख्यिकी निर्दोष होती, सहा सिग्मांच्या घरात. तरी जगातले बहुसंख्य भौतिकशास्त्रज्ञ म्हणाले, कुठेतरी चूक आहे, शोधा. पुढच्या फेब्रुवारीत चूक सापडली: घड्याळाला वेळ पुरवणाऱ्या ऑप्टिकल फायबरची जोडणी नीट घट्ट बसलेली नव्हती. त्याच भूमिगत प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या गटाने वेगळ्या यंत्राने मोजलं, तेव्हा वेग प्रकाशाइतकाच निघाला.

त्या शंकेखोरांना हट्टी म्हणता येईल का? त्यांच्यामागे आइनस्टाइनची शंभर वर्षांची सापेक्षता होती, प्रकाशापेक्षा वेगाने काहीच जात नाही असं सांगणारी, हजारो प्रयोगांत टिकलेली. एवढ्या पक्क्या ज्ञानाविरुद्ध एक आकडा उभा राहतो तेव्हा आधी आकड्याचीच झडती घ्यायची असते. आणि ऑपेराच्या गटाचं मोठेपण यात की त्यांनी स्वतःच सांगितलं, आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा. एखाद्या शोधनिबंधाची किंमत करताना मी पहिल्यांदा हेच पाहतो: हा निष्कर्ष मोडून काढायचा प्रयत्न कुणी आणि किती जोर लावून केला?

आता गच्चीवर येऊ. ३.५ गिगाहर्ट्झ हा आपल्याकडच्या ५जीचा मुख्य पट्टा. त्या लहरीच्या एका फोटॉनची, म्हणजे ऊर्जेच्या एका पुडीची, ऊर्जा किती? इलेक्ट्रॉन-व्होल्ट या एककाचे एक लाख भाग केले तर त्यातल्या दीड भागाच्या आसपास. रेणूतून इलेक्ट्रॉन उपटून काढायला साधारण १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, म्हणजे जवळजवळ सात लाख पट. घरातल्या दिव्याच्या लाल प्रकाशाचा फोटॉनसुद्धा टॉवरच्या फोटॉनपेक्षा लाखभर पटीने जास्त ऊर्जेचा असतो. ‘रेडिएशन’ हा एकच शब्द क्ष-किरणांना आणि मोबाइलला लावल्यामुळे अर्धा गोंधळ झाला आहे. क्ष-किरण डीएनएचे बंध तोडू शकतात. मोबाइलची लहर फक्त पाण्याचे रेणू हलवून उब आणू शकते, आणि उब किती आली हे मोजता येतं. या लहरींशी मुंबई-पुण्याकडच्या शास्त्रज्ञांचा परिचय आजचा नाही. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. तिच्या दृष्टीने मोबाइलचा सिग्नल म्हणजे दूरच्या दीर्घिकांचा क्षीण आवाज बुडवणारा गोंगाट, त्यामुळे आसपास कुठल्या पट्ट्यात किती गोंगाट आहे याचा हिशेब तिथे सतत ठेवावा लागतो.

टॉवरच्या विरोधकांचा सगळ्यात बळकट मुद्दा मात्र डावलता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘२-बी’ म्हणजे ‘कदाचित कर्ककारक’ या गटात टाकलं, हे खरं आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या १३ देशांच्या ‘इंटरफोन’ अभ्यासात सगळ्यात जास्त बोलणाऱ्या दहाव्या हिश्श्यात मेंदूच्या ग्लायोमा गाठींचं प्रमाण ४० टक्के जास्त दिसलं, हेही खरं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने २०१८ मध्ये नर उंदरांच्या हृदयात एका प्रकारच्या गाठी जास्त आढळल्याचं सांगितलं. हे तिन्ही दाखले खोटे नाहीत आणि ते मांडणाऱ्यांना अडाणी ठरवणं हा उद्धटपणा आहे.

पण प्रत्येकाची झडती घ्या. ‘२-बी’ ही धोका असू शकतो का याची यादी आहे, तो किती आहे याची नाही. त्याच यादीत कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे, आशियाई पद्धतीच्या मुरवलेल्या भाज्या आहेत, आणि २०१६ पर्यंत मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी कॉफीही होती. इंटरफोनमध्ये लोकांना दहा-दहा वर्षांपूर्वी किती बोलत होतात असं विचारलं होतं. ज्याला मेंदूची गाठ झाली आहे तो माणूस कारण शोधत आठवतो, निरोगी माणूस तसा आठवत नाही. काही रुग्णांनी रोज बारा तासांहून जास्त बोलल्याचं सांगितलं होतं. आणि त्याच अभ्यासात साधारण वापर करणाऱ्यांना गाठी कमी झाल्याचंही दिसत होतं. मोबाइल मेंदूच्या गाठीपासून वाचवतो असं कुणी म्हणणार आहे का? उंदरांना जन्माआधीपासून दोन वर्षं, रोज नऊ तास, सर्वांगावर लहरी दिल्या होत्या. सर्वाधिक मात्रा किलोमागे ६ वॅट, म्हणजे सामान्य माणसासाठी सर्वांगाची जी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे तिच्या ७५ पट. मादी उंदरांत तसा स्पष्ट परिणाम दिसला नाही, आणि लहरी घेतलेले नर उंदीर न घेतलेल्यांपेक्षा जास्त जगले. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेल्या, ६३ अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या कामात मोबाइल आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध दिसला नाही. पक्क्या यंत्रणेविरुद्ध उभा राहिलेला आकडा झडतीत टिकला नाही, ऑपेराच्या आकड्यासारखाच.

‘पैसे कोणी दिले ते बघा’ हा युक्तिवादही नेहमी येतो आणि तो रास्त आहे. पण पैसा कुणाचा यावरून झडती कुठे जास्त कडक घ्यायची ते कळतं, निकाल कळत नाही. इंटरफोनच्या खर्चाचा काही भाग मोबाइल उद्योगाकडूनच आला होता, आणि आज उद्योगाविरुद्ध सगळ्यात जास्त दाखला त्याच अभ्यासाचा दिला जातो.

म्हणून टॉवरवाल्यांना मोकळं रान द्यावं, असं मी म्हणत नाही. इथे सभेत ज्यावर कुणी बोलत नाही अशी एक खरी तक्रार आहे, आणि ती भूमितीची आहे. गच्चीवरचा अँटेना दिव्यासारखा सगळीकडे सारखा उजेड टाकत नाही. तो बॅटरीसारखा आडवा, किंचित खाली झुकलेला झोत फेकतो. ज्या इमारतीवर तो उभा आहे तिच्या वरच्या मजल्यावर, अँटेनाच्या पायाखाली, लहर बहुतेक वेळा क्षीण असते. झोत लागतो समोरच्या इमारतीच्या त्याच उंचीच्या खिडकीला. हिशेब सोपा आहे. २० वॅटचा ट्रान्समीटर आणि झोताच्या दिशेला शक्ती पन्नास पट करणारा अँटेना धरला तर झोताच्या दिशेला १,००० वॅटचा परिणाम मिळतो. त्याला ४, पाय (π, सुमारे ३.१४) आणि अंतराचा वर्ग यांच्या गुणाकाराने भागायचं. ५० मीटरवर उत्तर येतं चौरस मीटरला ०.०३ वॅट. ९०० मेगाहर्ट्झसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे ४.५ वॅट. भारताने सप्टेंबर २०१२ मध्ये ती एक दशांशावर, ०.४५ वर आणली. म्हणजे ५० मीटरवरची खिडकी आपल्या कडक मर्यादेच्याही सात टक्क्यांवर. पण १० मीटरवर तोच हिशेब ०.८ देतो, आणि तो ०.४५ च्या वर आहे. गिरगाव, दादर, घाटकोपरच्या दाटीत दोन इमारतींच्या गच्च्यांमध्ये १० मीटर असणं काही नवल नाही. त्यात एकाच गच्चीवर तीन कंपन्यांचे अँटेना असतील तर बेरीज होते. भाडं एका सोसायटीच्या खात्यात जमा होतं, झोत दुसऱ्या सोसायटीच्या बेडरूममध्ये जातो, आणि त्या दुसऱ्या सोसायटीला ना ठरावात मत असतं ना मोजणीचा अहवाल मिळतो. हा अन्याय आहे, कॅन्सर सिद्ध झाला नाही तरीही.

अशा ठिकाणी लोक दोन-तीन हजारांचा मीटर ऑनलाइन मागवतात आणि लाल दिवा लागला की हादरतात. त्या मीटरचं एकक नीट वाचा. पडद्यावर ५,००० दिसलं आणि एकक मायक्रोवॅट प्रति चौरस मीटर असेल, तर आपली ९०० मेगाहर्ट्झची मर्यादा त्याच एककात ४,५०,००० आहे. म्हणजे ५,००० हा एक टक्का झाला. लाल दिव्याची पातळी मीटर बनवणाऱ्याने ठरवलेली असते, सरकारने नाही. शिवाय असा मीटर बहुधा क्षणाचा उच्चांक दाखवतो. मर्यादा मात्र ठरावीक काळाच्या सरासरीवर असते, आणि ती सहा मिनिटांपेक्षा कमी धरत नाहीत. हातात धरलेल्या मीटरवर हाताचा परिणाम होतो, खिशातला फोन आणि हॉलमधला राउटर चालू असेल तर आकडा त्यांचाच येतो. नीट मोजायचं तर फोन आणि राउटर बंद करून, मीटर स्टँडवर दीड मीटर उंचीला ठेवून, खिडकी उघडी असताना तीन-चार जागी, पट्ट्यागणिक मोजायला हवं, आणि तेही संध्याकाळी वर्दळ असताना. ५जीची आणखी एक गोम आहे. त्याचा झोत फोन जिथे असेल तिकडे वळतो. शेजारी कुणी डाउनलोड करत नसेल तर मीटरला झोत दिसतच नाही आणि अहवाल खोटा दिलासा देतो. मीटरजवळ एक ५जी फोन सतत डाउनलोड करत ठेवूनच ती मोजणी करावी लागते.

आणि टॉवर उतरवला तर काय होतं? फोन टॉवरपर्यंत पोहोचायला लागेल तेवढीच शक्ती वापरतो. जवळ टॉवर असेल तर मिलिवॅटच्याही अंशावर भागतं, लांब असेल तर ४जी फोन २०० मिलिवॅटपर्यंत चढतो. लोकलच्या पत्र्याच्या डब्यात, लिफ्टमध्ये, तळघरातल्या पार्किंगमध्ये फोन गरम होतो आणि बॅटरी भराभर उतरते ती यामुळे. कानाला लावलेला फोन डोक्यापासून सेंटीमीटरभर अंतरावर असतो. पूर्ण शक्तीवर चाललेल्या अशा फोनमधून डोक्याला मिळणारी ऊर्जा ५० मीटरवरच्या टॉवरमधून मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा कित्येक शे पटींनी जास्त असते. ज्या लहरींची भीती वाटते त्यांचाच डोस टॉवर हटवल्याने वाढतो. निर्णय चुकला तर किंमत कुणी मोजायची, या माझ्या दुसऱ्या कसोटीचं उत्तर इथे मिळतं.

आता ताटाकडे. इथे मला आधी बरंच काही कबूल करावं लागेल, कारण अन्नाच्या संशोधनावरचा अविश्वास हवेतून आलेला नाही. २०१३ मध्ये दोन संशोधकांनी पाककृतींच्या पुस्तकातून सरसकट ५० जिन्नस निवडले आणि पाहिलं, तर त्यातल्या ४० जिन्नसांबद्दल कॅन्सरशी बरा-वाईट संबंध जोडणारे शोधनिबंध निघाले. २०१५ मध्ये एका पत्रकाराने मुद्दाम सापळा रचून ‘चॉकलेटने वजन उतरतं’ असा प्रयोग केला. मोजकी पंधरा-सोळा माणसं, आणि प्रत्येकाची १८ मोजमापं. योगायोगाची शक्यता वीसात एकपेक्षा कमी असली की ‘सिद्ध’ म्हणायचं, ही नेहमीची पट्टी लावून १८ गोष्टी तपासल्या तर निदान एक तरी निव्वळ योगायोगाने ‘सिद्ध’ व्हायची शक्यता ६० टक्के असते. बातमी जगभर छापून आली. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे ब्रायन वॉन्सिंक हे ग्राहक काय आणि का खातो या विषयातलं सगळ्यात मोठं नाव होतं. सफरचंदावर कार्टूनचं स्टिकर लावलं की मुलं ते जास्त घेतात, हा त्यांचा निबंध गाजला. पुढे उघड झालं की प्रयोग आठ ते अकरा वर्षांच्या मुलांवर केल्याचं लिहिलं होतं, प्रत्यक्षात मुलं तीन ते पाच वर्षांची होती. २०१८ पर्यंत त्यांचे डझनाहून जास्त निबंध मागे घेतले गेले आणि त्यांना पद सोडावं लागलं. १९६७ मध्ये हृदयरोगाचा दोष साखरेवरून चरबीकडे ढकलणारा आढावा हार्वर्डच्या ज्या संशोधकांनी लिहिला त्यांना साखर उद्योगाने पैसे दिले होते, हे २०१६ मध्ये बाहेर आलं. एवढं झाल्यावर सामान्य माणसाने ‘जाऊ द्या, आजी खायची तेच खाऊ’ म्हटलं तर त्याला दोष कसा द्यायचा?

या गोंधळाचं एक कारण लबाडी आहे. दुसरं, जास्त खोल कारण म्हणजे माणूस काय खातो हे मोजणंच अवघड आहे, आणि याचा मोठा धडा आपल्याच देशात मिळाला आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात घरोघरी जाऊन महिन्याभरात किती तांदूळ, किती तेल, किती साखर लागली असं विचारलं जायचं. १९९४ ते ९८ या काळातल्या फेऱ्यांत काही घरांना ३० दिवसांचं आणि काहींना अन्नासाठी ७ दिवसांचं आठवून सांगायला लावलं. सात दिवसांचा प्रश्न विचारलेल्या घरांचा खर्च इतका जास्त निघाला की त्या मापाने देशातल्या गरिबांचा आकडा जवळपास निम्मा झाला असता. मग १९९९-२००० च्या फेरीत दोन्ही प्रश्न एकाच घराला शेजारशेजारच्या रकान्यांत विचारले, आणि लोक एक उत्तर दुसऱ्याशी जुळवून सांगू लागले. त्या फेरीतल्या गरिबीच्या आकड्यांवर पुढे कित्येक वर्षं अर्थतज्ज्ञ भांडत राहिले. कोट्यवधी लोक गरीब आहेत की नाहीत, हे एका रकान्यावर अवलंबून होतं. मग आहाराच्या प्रश्नावलीवर उभा राहिलेला, एखाद्या जिन्नसाने आयुष्य इतकं वाढतं असं सांगणारा निबंध कितपत धरून चालायचं?

पण यातून ‘अन्नाबद्दल काहीच कळत नाही’ हा निष्कर्ष निघत नाही, आणि माझा मतभेद तिथेच आहे. एका जिन्नसाचा दहा वर्षांनंतरचा परिणाम, हा कच्चा प्रांत. मीठ वाढवलं की रक्तदाब चढतो, हे माणसांना आठवडेच्या आठवडे मोजून-मापून जेवण देऊन तपासलं आहे, कुणाच्या आठवणीवर ते अवलंबून नाही. ट्रान्स फॅटने, म्हणजे वनस्पती तुपात असतो तशा मेदाने, वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं उतरतं, हे १९९० मध्ये असंच खाऊ घालून दाखवलं गेलं. डेन्मार्कने २००३ मध्ये ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्याकडे दोन टक्के लागू व्हायला जानेवारी २०२२ उजाडला. मधली १९ वर्षं ‘संशोधन बदलत असतं’ या सबबीखाली डालड्यातली बिस्किटं आणि खारी कुणी खाल्ली? बहुतेक करून ज्याला लोण्यातली परवडत नव्हती त्याने.

अपुऱ्या ज्ञानावर पाऊल उचलणं अशास्त्रीय आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी भायखळ्याचा तुरुंग आठवावा. १८९६-९७ च्या प्लेगात जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत लस बनवली, १० जानेवारी १८९७ ला स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात तयारी दाखवणाऱ्या कैद्यांना टोचली, बाकीच्यांना नाही. एकाच छपराखाली, एकच अन्न खाणारे दोन गट. टोचलेल्यांत प्लेग स्पष्टपणे कमी झाला. त्या वेळी प्लेग पिसवांमधून पसरतो हे कुणाला माहीत नव्हतं, तो शोध १८९८ चा, आणि सर्वमान्य व्हायला आणखी कित्येक वर्षं गेली. यंत्रणा अंधारात होती, तुलना मात्र स्वच्छ होती, आणि मुंबईने पाऊल उचललं. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवालला लस घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने मेली आणि सगळं खापर हाफकिन यांच्यावर फुटलं. कागद तपासले तेव्हा दिसलं की सगळे १९ जण ‘५३-एन’ या एकाच बाटलीतून टोचले गेले होते आणि ती उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता. निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. बाटलीवर क्रमांक होता म्हणून चूक सापडली. पुरावा कच्चा असताना निर्णय घ्यायचा असेल तर चूक पुढे सापडेल अशी खूण आधीच ठेवावी लागते.

पाकिटावरच्या इशाऱ्याचा प्रश्न असाच हाताळायला हवा. सप्टेंबर २०२२ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पाकिटावर अर्ध्यापासून पाच तारे छापून पदार्थाला गुण द्यायची पद्धत सुचवली. आधार होता अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या २०,५०० लोकांच्या पाहणीचा. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह सहा राज्यांत केलेल्या प्रयोगात मात्र जास्त मीठ-साखर-मेद असलेला पदार्थ ओळखायला ‘प्रमाण जास्त’ असं सांगणारा इशारा सरस ठरला. दोन्हींत कुणी खोटं बोललं का? नाही. कुठलं चिन्ह सोपं वाटतं हा एक प्रश्न, आणि चिन्ह पाहून माणूस बरोबर ओळखतो का हा दुसरा. नमुना वीस हजारांचा असला तरी वेगळ्या प्रश्नाचं उत्तर ते वेगळंच राहतं. ताऱ्यांत एक खोट मुळातच आहे: दाणे, तंतू, प्रथिनं यांचे गुण मिळतात आणि साखरेचे कापले जातात. शेंगदाण्याच्या चिक्कीत दाण्याच्या गुणांआड साखर झाकली जाते. मधुमेही माणसाला सरासरी नको आहे, साखर किती ते हवं आहे.

एखादं फरसाणाचं पाकीट उलटं करून पाहा. समजा १०० ग्रॅममध्ये सोडियम ८०० मिलिग्रॅम आहे. मागे लिहिलेलं असतं, एका वेळचं प्रमाण ३० ग्रॅम, दिवसाच्या गरजेच्या १२ टक्के. हिशेब बरोबर आहे: दिवसाचे २,००० मिलिग्रॅम धरलेत, ३० ग्रॅममध्ये २४० येतात. पण ३० ग्रॅम म्हणजे जेमतेम मूठभर. २०० ग्रॅमचं पाकीट दोघांनी चहाबरोबर संपवलं तर प्रत्येकी ४० टक्के झाले, जेवणातलं मीठ, पापड, लोणचं वेगळंच. ही त्रैराशिकं बारीक अक्षरांतून, वाण्याच्या काउंटरवर, मागे रांग असताना कोण करणार?

इशाऱ्याविरुद्धचा सगळ्यात चांगला आक्षेप लघुउद्योगांकडून येतो आणि तो खरा आहे. हाताने पाडलेल्या शेवेत तेल किती मुरेल हे घाण्यागणिक बदलतं. तेल नीट तापलं नसेल तर शेव जास्त तेल पिते, पीठ सैल असेल तर आणखी. आज १०० ग्रॅमला ३५ ग्रॅम मेद, उद्या ४०. मग छापलेला आकडा खोटा ठरून दंड कुणी भरायचा? याला माझं उत्तर असं की ताऱ्यांच्या पद्धतीत हा फरक अर्धा तारा इकडेतिकडे करेल, पण ‘मेद जास्त’ या इशाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही, कारण ३५ काय आणि ४० काय, दोन्ही कुठल्याही वाजवी रेषेच्या बरेच वर आहेत. रेषेपासून अंतर मोठं असलं की मोजणीतली चूक निर्णय बदलत नाही. मर्यादेच्या सात टक्क्यांवरच्या खिडकीलाही हेच लागू होतं, फक्त उलट्या दिशेने.

दुसरा आक्षेप असा की चिलीने २०१६ मध्ये पाकिटांवर इशाऱ्याचे काळे अष्टकोन छापले आणि गोड पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी उतरली, पण त्याच कायद्याने मुलांसाठीच्या जाहिराती आणि शाळेतली विक्रीही बंद झाली होती. मग श्रेय कुणाचं? मान्य, वेगळं काढता येत नाही. म्हणूनच इथे ते वेगळं काढता येईल अशी सोय करावी. आणि वडापावला लेबल नाही, हा तिसरा आक्षेप. वडापावची अडचण तेल किती, यापेक्षा तेच तेल किती वेळा, ही जास्त आहे. तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढणाऱ्या ध्रुवीय संयुगांची २५ टक्क्यांची मर्यादा जुलै २०१८ पासून कायद्यात आहे, आणि ती तपासायला कढईत बुडवायचा हातातला मीटर मिळतो. तिथे इशारा नको, तपासणी हवी.

या शहरात हे सगळं करायची साधनं आहेत. पवईच्या आयआयटीच्या आवारातल्या ‘समीर’ या सूक्ष्मलहरी संशोधन संस्थेकडे लहरी मोजण्याचं कसब आहे, माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत तेलावरचं काम पिढ्यानपिढ्या चाललंय, देवनारला पाहणी कशी करावी हे जाणणारी माणसं आहेत. महापालिकेने प्रत्येक वॉर्डात अँटेनाच्या समोरासमोरच्या, २० मीटरच्या आतल्या खिडक्या निवडून वर सांगितलेल्या पद्धतीने मोजाव्यात आणि पट्टा, वेळ, अंतर, मोजणी किती चुकू शकते यांसह आकडे खुले करावेत. ०.४५ च्या वरच्या जागी अँटेनाची दिशा किंवा झुकाव बदलून घ्यावा, त्याला टॉवर पाडावा लागत नाही. पाकिटांसाठी दोन-तीनशे वाणी निवडून, नाणेफेक करून निम्म्यांकडे इशारेवाली पाकिटं सहा महिने ठेवावीत, निम्म्यांकडे नेहमीची, आणि लोक काय म्हणाले ते न विचारता बिलावरची विक्री मोजावी. कुठला आकडा पाहायचा ते सुरू करण्याआधी जाहीर करावं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या विक्रीत फरक दिसला नाही, तर इशाऱ्याबद्दलचं माझं मत मी बदलीन. आणि कुणाच्या आठवणीवर न विसंबता, फोनच्या नोंदींवरून वापर मोजणाऱ्या दोन स्वतंत्र अभ्यासांत डोसाबरोबर चढत जाणारा धोका दिसला, तर टॉवरबद्दलचंही.